फाइल पूर्ण, तरी विमा लागू होत नाही: साइटवरच्या ठेकेदारांचे परवाने आणि पॉलिसी यांचा नेहमीचा घोळ कसा सोडवायचा

तक्रार बहुतेक साइट्सवर सारखीच असते. ऑफिसच्या कपाटात प्रत्येक ठेकेदाराची फाइल असते. वर्क ऑर्डरच्या मागे लेबर लायसन्स, पीएफ कोड, ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कोड आणि वर्कमेन कॉम्पेन्सेशन पॉलिसीची, म्हणजे कामावरच्या अपघातात मालकाला द्यावी लागणारी भरपाई भरून देणाऱ्या विम्याची, झेरॉक्स लावलेली असते. एक्सेलमध्ये तारखांचा तक्ताही असतो. मग एखादा सेंट्रिंगवाला (स्लॅबचे साचे आणि टेकू लावणारा) दुसऱ्या मजल्यावरून पडतो, फाइल उघडली जाते आणि कळतं की पॉलिसी तीन आठवड्यांपूर्वीच संपली आहे. किंवा पॉलिसी चालू आहे, पण तिच्यावर पत्ता वाकडच्या साइटचा आहे आणि माणूस पडलाय वाघोलीत. महिनाभर धावपळ होते, प्रत्येक कागद तपासला जातो, नंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पुणे-पिंपरी पट्ट्यातल्या साइट्सवरचे हेच कागद सांभाळणं हे माझं काम. माझं म्हणणं असं की आपण चुकीचा बिघाड दुरुस्त करत बसतो. प्रत्येक वेळी उपाय म्हणून रिमाइंडर लावले जातात. पण मुदत संपणं हा या घोळातला सगळ्यात सोपा भाग आहे. जास्त वेळा पॉलिसी जिवंत असते आणि तरीही त्या दिवशी, त्या जागी, त्या माणसाला ती लागू होत नाही.

आधी कायद्याच्या नावांबद्दल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता लागू झाल्या आहेत. १९२३ चा नुकसानभरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत आणि १९७० चा कंत्राटी कामगार कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. साइटवर अजून जुनी नावंच चालतात, म्हणून मीही तीच वापरतो. मूळ तत्त्व जुन्या कायद्यात होतं तेच संहितेतही आहे: ठेकेदाराच्या कामगाराला कामावर इजा झाली तर भरपाई मुख्य मालकाकडून, म्हणजे ज्याचं काम चालू आहे त्याच्याकडून, मागता येते, मग मुख्य मालकाने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. त्यामुळे "तो ठेकेदाराचा प्रश्न आहे" हे वाक्य बिल्डरला किंवा मुख्य कंत्राटदाराला वाचवत नाही.

बिघाड नेमका कुठे आहे, ते आधी शोधा

दोन कागद शेजारी ठेवा: ठेकेदाराची पॉलिसी आणि आजची गेटवरची हजेरी. फाइलमधली हजेरी नको, आज सकाळी सुरक्षारक्षकाने लिहिलेली हवी. पॉलिसीची सगळी पानं लागतात, नुसतं पहिलं पान पुरत नाही. ठेकेदार बहुतेक वेळा पहिलंच पान देतो, कारण एजंटने त्याला व्हॉट्सॲपवर तेवढंच पाठवलेलं असतं. शेड्यूल (पॉलिसीच्या तपशिलांचा तक्ता) आणि एंडोर्समेंट (नंतर जोडलेल्या दुरुस्त्या) यांची पानं मागून घ्या. खरी माहिती तिथे असते.

मुदत संपली असेल तर

कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. काम १८ महिन्यांचं, पॉलिसी १२ महिन्यांची आणि वर्क ऑर्डर देताना एकदाच तपासणी. मधे ज्याने तक्ता बनवला तो अकाउंटंट नोकरी सोडून गेला. ठेकेदाराला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "साहेब, रिन्यूला टाकलीय, एजंट दोन दिवसांत देतो." रिन्यूला टाकलेली पॉलिसी म्हणजे नसलेली पॉलिसी. विमा कायद्याचं कलम ६४व्हीबी स्पष्ट आहे: प्रीमियम कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. आयुर्विम्यात हप्त्याला सवलतीचे दिवस असतात, तसे इथे असतील असं धरून चालू नका. मध्यरात्री मुदत संपली की संपली.

पॉलिसीवर सुरू होण्याची वेळही छापलेली असते. सकाळी अकराला अपघात आणि पॉलिसी दुपारी तीनपासून, अशी असेल तर ती त्या अपघाताच्या उपयोगाची नाही. तक्त्यात तारखेशेजारी वेळेचा रकाना ठेवा.

लेबर लायसन्सची मुदत गृहीत धरू नका. केंद्राच्या जुन्या नियमांनुसार ती १२ महिने होती, संहितेत ५ वर्षं आहे. पुढचा काही काळ एकाच साइटवर दोन्ही प्रकारचे परवाने दिसू शकतात. कागदावर लिहिलेली तारीखच तक्त्यात टाका.

पॉलिसी जिवंत आहे, पण या माणसाची नाही

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मी प्रत्येक पॉलिसीत पाच गोष्टी बघतो.

पहिली, नाव. वर्क ऑर्डर "अमुक कन्स्ट्रक्शन"ला, पॉलिसी मालकाच्या वैयक्तिक नावावर आणि लायसन्स भावाच्या फर्मवर, असा प्रकार लहान ठेकेदारांत सर्रास आहे. घरच्या माणसांना ते एकच वाटतं, विमा कंपनीला वाटत नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर ठेकेदाराचा नंबर टाकला की कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव दोन्ही दिसतात. ती दोन्ही पॉलिसीवरच्या, लायसन्सवरच्या आणि वर्क ऑर्डरवरच्या नावाशी ताडून बघा. जुळत नसेल तर वर्क ऑर्डरच दुरुस्त करा, कारण ती आपल्या हातात असते.

दुसरी, जागा. ठेकेदार एकाच वेळी तीन-चार साइटवर काम करतो आणि पॉलिसी पहिल्या साइटच्या पत्त्यावर असते. नवीन साइट एंडोर्समेंटने जोडता येते, त्याला फार वेळ लागत नाही, पण कोणीतरी मागावी लागते. काही पॉलिसींत "भारतात कुठेही" असं लिहिलेलं असतं, ते चालतं. मात्र ते शब्द शेड्यूलमध्ये वाचल्याशिवाय मान्य करू नका.

तिसरी, माणसांची संख्या आणि कामाचा प्रकार. वर्कमेन कॉम्पेन्सेशन पॉलिसीचा प्रीमियम माणसं, त्यांचं काम आणि वेतन यांवर ठरतो. पॉलिसीत १५ बिगारी दाखवलेले आणि गेटवर रोज ४० माणसं येत असतील, त्यात सेंट्रिंगवाले, स्टील फिटर, उंचीवर परांचीवर काम करणारे असतील, तर अपघातानंतर विमा कंपनीचा पहिला प्रश्न हाच असेल की पडलेला माणूस त्या १५ जणांतला कशावरून. कंपनीने असं विचारणं मला अन्यायाचं वाटत नाही. प्रीमियम १५ जणांचाच घेतलेला असतो.

चौथी, वेतन. यात किती रक्कम बुडते हे आकड्यांनी बघू. जुन्या कायद्यात मृत्यूची भरपाई म्हणजे मासिक वेतनाच्या ५० टक्के गुणिले वयानुसारचा गुणांक. २०२० च्या अधिसूचनेनुसार हिशोबाला धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा महिना १५,००० रुपये आहे. ३० वर्षं वयाचा गुणांक २०७.९८. म्हणजे १५,००० रुपयांवर भरपाई होते १५,५९,८५० रुपये. प्रीमियम वाचवायला ठेकेदाराने पॉलिसीत वेतन ८,००० दाखवलं असेल तर त्याच हिशोबाने आकडा येतो ८,३१,९२०. विमा कंपनी घोषित वेतनावर बोट ठेवते, उरलेले ७,२७,९३० कोणी द्यायचे यावर वाद सुरू होतो आणि त्या माणसाची बायको मुलांना घेऊन न्यायालयाच्या तारखांना येत राहते. वाचलेला प्रीमियम बहुधा काही हजारांचा असतो.

पाचवी, जोड-कलमं. कामगाराच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा, अशी तरतूद २००९ च्या दुरुस्तीने आली. पण पॉलिसीत वैद्यकीय खर्च आपोआप येत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो आणि त्याला माणशी मर्यादा असते. ती ५०,००० असेल आणि पाठीच्या कण्याचं ऑपरेशन असेल तर मर्यादा पहिल्याच दिवशी संपते. तसंच पोट-ठेकेदाराची माणसं. मूळ पॉलिसीत ती धरलेली नसतात, वेगळी दाखवून घ्यावी लागतात. साइटवर तर तिसरी पायरीही असते: बिल्डरचा आरसीसी (सळई-काँक्रीटच्या सांगाड्याचा) ठेकेदार, त्याचा लेबर ठेकेदार आणि त्याच्याखाली गावाकडून टोळी आणणारा मुकादम. पॉलिसी असते आरसीसी ठेकेदाराची, माणसं मुकादमाची. कामगाराला विचारा, "तुमचा ठेकेदार कोण?" तो मुकादमाचंच नाव सांगेल. त्या नावापासून वर जात जात पॉलिसीवरच्या नावापर्यंत पोचता येतं का बघा. मधली कडी तुटलेली असेल तर पॉलिसी तिथेच थांबते.

भलताच कागद विमा म्हणून दाखवला जातो

"आमची कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी आहे ना" हे बिल्डरच्या ऑफिसातून येणारं उत्तर. ती पॉलिसी कामाची, साहित्याची आणि त्रयस्थांच्या नुकसानीची असते. कामगारांची नसते. तिचं प्रचलित शब्दांकन वाचलं तर त्रयस्थांच्या भागात ठेकेदाराचे आणि मालकाचे कामगार वगळलेले असतात आणि त्यांच्या कुटुंबातली माणसंही वगळलेली असतात. हे दुसरं वगळणं फारसं कोणी वाचत नाही. कोंढव्यात २९ जून २०१९ च्या पहाटे सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. त्यात मुलंही होती. लेबर कॅम्पमध्ये राहणारी बायको आणि मुलं कोणाचीच कर्मचारी नसतात, म्हणून वर्कमेन पॉलिसीत येत नाहीत. मजुराचं कुटुंब असल्यामुळे त्रयस्थ म्हणूनही बाहेर राहतात. कॅम्प असेल तर विमा कंपनीला हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर एंडोर्समेंट म्हणून घ्या. त्याआधी कॅम्प भिंतीपासून आणि खोदाईपासून दूर हलवा, कारण गेलेलं मूल कोणत्याही पॉलिसीने परत येत नाही.

ऑल रिस्क पॉलिसीची मुदतही लक्षात ठेवा. प्रकल्प लांबला की ती आधी वाढवून घ्यावी लागते. प्रकल्प वेळेत संपेल असं धरून मूळ तारीख टाकलेली असते आणि प्रकल्प वेळेत संपत नाही.

ठेकेदाराकडून ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी येते किंवा पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत २० रुपये भरल्याचा पुरावा येतो. दोन्ही चांगलं आहे, असू दे. सुरक्षा विम्याचे २ लाख कुटुंबाला मिळतील. पण मालकाची कायद्याने ठरलेली जबाबदारी त्याने फिटत नाही. वर्कमेन पॉलिसीच्या रकान्यात हे कागद लावू नका.

"सेस भरलाय" हेही ऐकू येतं. इमारत कामगार कल्याण मंडळाचा १ टक्का उपकर बांधकाम खर्चावर असतो आणि त्यातून मंडळाच्या योजना चालतात. त्यासाठीही कामगाराची स्वतःची नोंदणी हवी: वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम. अनेक मजुरांची ही नोंदणी नसते, कारण ९० दिवसांचा दाखला द्यायला कोणी तयार होत नाही. आपल्या साइटवर ज्याचे ९० दिवस भरले त्याला दाखला द्या. त्याला एक पैसाही लागत नाही.

ईएसआयसीचा घोळ सगळ्यात फसवा. १ ऑगस्ट २०१५ पासून बांधकामाच्या साइट्सवरचे कामगारही ईएसआयसीत येतात आणि ज्याला ते संरक्षण आहे त्याला वेगळी नुकसानभरपाई मागता येत नाही. म्हणून ठेकेदार म्हणतो, "ईएसआयसी आहे, पॉलिसी कशाला?" त्याला दोन प्रश्न विचारा. या माणसाचा विमा क्रमांक कुठे आहे? ठेकेदाराचा कोड असणं आणि माणसाची नोंद असणं यात फार अंतर आहे. आणि याचं महिन्याचं वेतन किती? मर्यादा २१,००० आहे. समजा सुताराची रोजची मजुरी ९०० रुपये आणि महिन्याला २६ दिवस, तर वेतन झालं २३,४००. तो ईएसआयसीच्या बाहेर गेला. म्हणजे टोळीतले बिगारी ईएसआयसीत आणि कसबी कारागीर बाहेर, अशी विभागणी होते आणि उंचीवर, कडेला, जोखमीच्या जागी बहुधा कसबी माणूसच असतो. त्यांच्यापुरती वर्कमेन पॉलिसी लागतेच. माझा आग्रह असतो की ईएसआयसी असली तरी साइटवर किमान कारागिरांची पॉलिसी हवी, आणि नव्या माणसाचा ईएसआयसी क्रमांक निघाल्याशिवाय त्याला गेटमधून सोडायचं नाही.

कागद खोटा किंवा पोकळ असल्याचा संशय आला तर

जुन्या पीडीएफवर तारीख बदलून दिलेली पॉलिसी ओळखणं अवघड नाही. पॉलिसीवर क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा. नसेल तर पॉलिसी क्रमांक विमा कंपनीच्या शाखेला ईमेलने पाठवून खात्री करा. तो ईमेल पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या, कागदावर छापलेला घेऊ नका. प्रीमियमची पावतीही मागा. पॉलिसी खरी आणि चेक न वटलेला, असंही होतं आणि तेव्हा कंपनी पॉलिसी रद्द करते. ऑनलाइन किंवा बँकेतून थेट भरलेला प्रीमियमच स्वीकारायचा, हा नियम केला तर ही भानगड मिटते.

पीएफसाठी एक उपयोगी गोष्ट आहे आणि ती फार कमी साइट्सवर वापरली जाते. भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधून तिचे भरणे बघता येतात. कोणत्या महिन्याचा भरणा, किती रक्कम, किती कर्मचारी. ठेकेदाराने दिलेल्या चलनात ३५ माणसं आणि तुमच्या गेटवर ६० दिसली तर उरलेल्या २५ जणांबद्दल त्याला विचारा. तीच २५ माणसं पॉलिसीतही नसतात, असा माझा अनुभव आहे.

परवाने

कंत्राटी कामगार परवान्याची मर्यादा महाराष्ट्रात आधीपासून ५० होती, संहितेतही ५० आहे. त्यामुळे ४५-४८ माणसांवर थांबलेले ठेकेदार खूप दिसतात. हजेरीचा मागच्या वर्षभरातला सगळ्यात मोठा दिवस बघा, सरासरी बघू नका. परवाना असेल तर त्यावर माणसांची कमाल संख्या लिहिलेली असते. स्लॅबच्या दिवशी ती ओलांडली जाते.

विजेच्या कामाला फर्मचा विद्युत ठेकेदार परवाना, पर्यवेक्षकाचं सक्षमता प्रमाणपत्र आणि वायरमनचा परवाना असे तीन कागद लागतात, आणि नंतरचे दोन माणसाच्या नावावर असतात. तो माणूस नोकरी सोडून गेला तर फर्मचा परवाना असूनही साइटवर परवानाधारक कोणी उरत नाही. वर्षातून दोनदा प्रत्यक्ष माणूस आणि कागदावरचा फोटो जुळवा. लिफ्ट, हॉइस्ट आणि क्रेनच्या बाबतीत चाचणीचं प्रमाणपत्र त्या यंत्राचं आहे ना, हे यंत्रावरच्या क्रमांकावरून बघा. १० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यात एका ४० मजली इमारतीत छतावरचं काम संपवून उतरणाऱ्या कामगारांची लिफ्ट कोसळली आणि ७ जण गेले. तेव्हापासून माझ्या यादीत लिफ्टचे कागद सगळ्यात वर असतात.

पुन्हा होऊ नये म्हणून

तक्ता हवाच, पण ठेकेदारामागे एक ओळ असा तक्ता चुकीचा आहे. ठेकेदार आणि साइट यांच्या प्रत्येक जोडीला स्वतंत्र ओळ हवी. तिच्यात पॉलिसीवरचं नाव, जागा, संख्या, वेतन, मुदत, वेळ आणि शेवटी "गेटवरची आजची संख्या" हा रकाना. शेवटचा रकाना दर सोमवारी गेटवरून भरायचा. पॉलिसीतल्या संख्येपेक्षा तो मोठा झाला की ओळ लाल करायची, मुदत शिल्लक असली तरीही.

पण तक्ता कोणाला थांबवत नाही. साइटवर काम थांबवण्याची ताकद असलेले कागद मोजकेच असतात, आणि त्यातला माझ्या मते सगळ्यात उपयोगी म्हणजे पोअर कार्ड. स्लॅब ओतण्याआधी स्टील तपासलं, सेंट्रिंग तपासलं, विजेचे पाइप तपासले अशा सह्या त्यावर होतात आणि सही नसेल तर आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी ओतत नाही. त्यातच एक ओळ वाढवा: "या कामावरच्या सर्व टोळ्यांची पॉलिसी आज चालू, संख्या पुरेशी." ही सही स्लॅबच्या दोन दिवस आधी घ्या. आदल्या रात्री विचारलं तर गाड्या बुक झालेल्या असतात आणि "उद्याचा स्लॅब होऊन जाऊ दे" म्हणणाऱ्याला कोणी अडवत नाही.

अडवण्याची दुसरी जागा म्हणजे आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याने निघणारं बिल. इथे सावध राहा. पॉलिसी नाही म्हणून सरसकट बिल रोखलं तर ठेकेदार टोळीची मजुरी रोखतो आणि शिक्षा मजुराला होते. शिवाय ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मुख्य मालकाने द्यायची, हे जुन्या कायद्यातही होतं आणि नव्यातही आहे. म्हणून बिलाचे दोन भाग करा. मजुरीइतकी रक्कम मस्टरप्रमाणे (हजेरीपटाप्रमाणे) कामगारांच्या खात्यात जाऊ द्या. ठेकेदाराचा नफा आणि रिटेन्शन (हमी म्हणून राखून ठेवलेली रक्कम) रोखा. पॉलिसी आली की सोडा. हे वर्क ऑर्डरमध्येच लिहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर ऐनवेळी भांडण होतं.

तिसरी जागा गेट. संपलेल्या पॉलिसीच्या टोळीला नवीन गेट पास बंद, आणि आत असलेल्यांचं उंचीवरचं, खोदाईतलं, क्रेनखालचं काम तात्काळ बंद. साफसफाई आणि साहित्य रचण्यासारखी कमी जोखमीची कामंही पॉलिसी येईपर्यंत फार दिवस चालवू नका.

आता मूळ कारणाकडे. लहान ठेकेदार पॉलिसी टाळतो कारण चौरस फुटाच्या दरात प्रीमियम धरलेलाच नसतो. दर आपणच पाडून घेतलेला असतो. त्याला दोष देण्याआधी वर्क ऑर्डरमध्ये विम्याची वेगळी ओळ टाका आणि पावती दाखवली की ती रक्कम द्या. त्याहून बरं म्हणजे पंचवीस-तीस माणसांखालच्या टोळ्यांसाठी मुख्य कंत्राटदारानेच एक पॉलिसी घ्यावी, सगळ्या पोट-ठेकेदारांची माणसं तिच्यात दाखवावी आणि गेटवरच्या हजेरीप्रमाणे दर महिन्याला आकडा कळवावा. काही जण म्हणतात की याने जबाबदारी आपल्या अंगावर येते. ती आधीच आपल्या अंगावर आहे. असं केल्यावर वीस एजंटांच्या मागे धावण्याऐवजी एकाशी बोलावं लागतं, आणि मुकादम बदलला तरी माणूस संरक्षणातच राहतो.

हेच सगळं गृहनिर्माण सोसायट्यांनाही विचारात घ्यावं लागेल. रंगकामाला किंवा वॉटरप्रूफिंगला दोरावर लटकून काम करणारी माणसं येतात तेव्हा सचिवांनी पॉलिसीत उंचीवरचं काम आणि सोसायटीचा पत्ता आहे का, एवढं तरी बघावं.

अपघात झालाच आणि कागदात खोट निघाली तर

आधी माणूस दवाखान्यात, खर्चाची हमी मुख्य कंत्राटदाराची, पॉलिसीचा वाद नंतर. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा, पॉलिसीत चूक दिसत असली तरीही. दावा मान्य करायचा की नाही हे तिने ठरवू दे, तुम्ही आधीच ठरवू नका. त्या दिवशीचं मस्टर, गेटचं रजिस्टर आणि टूलबॉक्स टॉकच्या (कामाआधीच्या सुरक्षा सूचनांच्या) सह्या कुलुपात ठेवा. कोणी जुन्या तारखेने नाव चढवायला सांगितलं तर नकार द्या. नंतर चढवलेलं एक नाव सापडलं की मस्टरमधल्या खऱ्या नावांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

माणूस गेला असेल तर कुटुंबाच्या हातात पाकीट देऊन, मृतदेह गावी पाठवून प्रकरण मिटवण्याचा प्रघात अजून आहे. तो कायद्यात बसत नाही. मृत्यूची भरपाई नुकसानभरपाई आयुक्तांकडेच, म्हणजे आताच्या सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. जुन्या कायद्यात कुटुंबाला आधी देता येणारी रक्कम तीन महिन्यांच्या वेतनापुरती होती. बाकी थेट दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत, मग कितीही कागदांवर अंगठे घेतलेले असोत. एका महिन्यात भरपाई दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं आणि समाधानकारक कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. हा दंड विमा कंपनी भरेल असं समजू नका. व्याजही पॉलिसीत वगळलेलं असू शकतं, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये असं वगळणं मान्य केलेलं आहे. म्हणून विमा कंपनीचं उत्तर येण्याची वाट न बघता रक्कम जमा करा, आणि ती जमा झाल्याची पावती कुटुंबाच्या गावच्या पत्त्यावर त्यांच्या भाषेतल्या पत्रासह पाठवा.